खोली दोघींची, गोष्ट तिसऱ्याची



अमेरिकेतल्या ‘ईस्टर्न’ नावाच्या काल्पनिक विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाचा बॉयलर बिघडतो. गरम पाणी बंद. पहिल्या वर्षाला असलेली ॲबी ॲबरनॅथी मैत्रिणीबरोबर चार कपडे उचलते आणि एका फ्लॅटवर मुक्कामाला जाते. फ्लॅटवर दोघं राहतात : मैत्रिणीचा मित्र शेप्ली आणि त्याचा चुलतभाऊ ट्रॅव्हिस मॅडॉक्स. ट्रॅव्हिसच्या अंगभर गोंदण, तळघरात चोरून होणाऱ्या पैशांच्या मारामाऱ्यांत तो अजिंक्य, आणि मुलींच्या बाबतीत नाव खराब. बॉयलर दुरुस्त होईपर्यंत एक पैज लागते, ॲबी ती हरते आणि महिनाभर त्याच फ्लॅटवर राहणं तिच्या वाट्याला येतं. झोपायला पलंग एकच. पुढं काय होतं हे सांगण्यासाठी व्याख्यानमालेत वक्ता बोलावण्याची गरज नाही.

ही ‘ब्यूटिफुल डिझास्टर’ची सुरुवात. जेमी मॅकग्वायर या लेखिकेनं २०११ साली ती स्वतःच प्रकाशित केली. वर्षभरात ती इतकी खपली, की २०१२मध्ये सायमन अँड शुस्टरच्या एट्रिया या प्रकाशनानं ती विकत घेऊन पुन्हा काढली. २०२३मध्ये तिच्यावर चित्रपट आला. या कादंबरीनं आणि तिच्या आगेमागे आलेल्या पाच-सात पुस्तकांनी कॉलेजातल्या प्रेमकथांचा एक वेगळा कप्पाच उघडला. त्याला ‘न्यू ॲडल्ट’ म्हणतात. हे नाव २००९मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेनं एका लेखनस्पर्धेच्या निमित्तानं पुढं आणलं होतं. किशोरांसाठीच्या कादंबऱ्या शाळा संपली की थांबत, प्रौढांच्या कादंबऱ्या नोकरी लागल्यावर सुरू होत. मधली अठरा ते पंचविशीची वर्षं पुस्तकांच्या दुकानात जणू कुणी जगतच नव्हतं. लेखिकांनी मग प्रकाशकांची वाट न बघता किंडलवर पुस्तकं टाकली, आणि त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

तेव्हा या कादंबऱ्यांना नाकं मुरडण्याचं काम इथं करायचं नाही. ज्यांनी त्या वाचल्याच नाहीत असे पुष्कळ लोक ते काम हौसेनं करत असतात. आजचा विषय आहे तो आवडीनं वाचणाऱ्या वाचकाच्या निराशेचा.

अशी एक वाचक धरून चालू. लातूरहून पुण्याला शिकायला आलेली आहे, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. एका खोलीत तीन कॉट, डिपॉझिट आगाऊ, मेसचा डबा, बाथरूमला सकाळी नंबर. रूम पार्टनर म्हणून कोण मिळणार हे आदल्या दिवसापर्यंत तिला ठाऊक नव्हतं. एक स्पर्धा परीक्षेवाली निघाली, रात्री दीडपर्यंत ट्यूबलाइट चालू ठेवणारी. दुसरी पहाटे साडेचारचा गजर लावून स्वतः न उठणारी. या मुलीला ‘रूममेट्स’ असं मलपृष्ठावर ठळक छापलेली कादंबरी दिसते, ती उचलते. तिला प्रेमकथा हवीच आहे. पण तिला आणखीही काही हवं असतं : अनोळखी माणसाशेजारी झोपायला शिकण्याची गोष्ट. साडेतीनशे पानं संपतात, प्रेमिक एकत्र येतात, आणि ती पुस्तक उलटं ठेवून म्हणते, यात खोली कुठं होती?

तिचा प्रश्न खरा आहे. ‘ब्यूटिफुल डिझास्टर’मध्ये ॲबीला वसतिगृहात एक रूममेट आहे. कॅरा तिचं नाव. आता ही कॅरा काय शिकत होती, तिला कशाचं हसू येई, ती घरी फोन करायची का, हे कादंबरी वाचलेल्या कुणालाही विचारून पाहा. दारात उभं राहून नायिकेला टोमणा मारणं आणि खोली रिकामी करून देणं, एवढ्यासाठी ती आहे. ॲना टॉडच्या ‘आफ्टर’मध्येही तसंच. ही कादंबरी २०१३मध्ये वॉटपॅडवर प्रकरणाप्रकरणानं आली. लेखिकेनं ती बरीचशी फोनवर टाइप केली, नायक मुळात वन डायरेक्शन या गायकवृंदातल्या हॅरी स्टाइल्सवर बेतलेला होता, आणि २०१४मध्ये तिचं छापील पुस्तक झालं. टेसा कॉलेजात येते, आईच्या देखत खोलीचं दार उघडतं, आत लाल केसांची, टॅटूवाली स्टेफ. आईचा चेहरा पडतो. प्रसंग छान आहे. आता या दोन मुलींचं वर्ष कसं जाणार, असं वाटतं न वाटतं तोच स्टेफचा मित्र हार्डिन कथेत शिरतो आणि पुढची सगळी पानं ताब्यात घेतो. स्टेफचं काम पार्ट्यांना घेऊन जाण्याचं. मालिकेच्या पुढच्या भागात तिला सरळ दुष्टच करून टाकलंय, म्हणजे तिच्याविषयी विचार करण्याची जबाबदारीही संपली.

या पुस्तकांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप वेगळा आहे, आणि तो महत्त्वाचाही आहे. नायक मुलीवर पाळत ठेवतो, तिच्याकडे बघणाऱ्यांना बडवतो, आणि पुस्तक त्याला प्रेम म्हणतं. ट्रॅव्हिस आणि ॲबी पहिल्यांदा एकत्र येतात त्याच्या दुसऱ्या दिवशी ती न सांगता निघून जाते, तर हा गडी फ्लॅटमधल्या सामानाची मोडतोड करतो. समीक्षकांनी त्यावर रास्त टीका केली. पण कॉट बेसिसवाल्या वाचकाचं लक्ष भलतीकडेच जातं. तो फ्लॅट शेप्लीचाही होता ना? निम्मं भाडं त्याच्या खिशातून जात असणार. फुटलेलं सामान कुणी भरून दिलं? पुस्तकात शेप्ली घाबरतो, फोन करतो, ॲबीला बोलावतो. स्वतःसाठी एकदाही चिडत नाही. खऱ्या रूम पार्टनरनं त्या दिवशी ट्रॅव्हिसची बॅग दाराबाहेर ठेवली असती.

निराशेचं मूळ इथं आहे. रूममेट म्हणजे आपण न निवडलेला माणूस. प्रेमकथा म्हणजे निवडीची गोष्ट : हजारांत हाच, हीच. या दोन गोष्टी एका पुस्तकात आणायच्या तर त्यांची झटापट व्हायला हवी, आणि ती झटापट वाचण्यासारखी असते. पण या जातीची कादंबरी न निवडलेल्या माणसाला पहिल्या वीस पानांत निवडलेला करून टाकते, नाहीतर कॅरासारखा बाहेर घालवते. मधला जो अवघड, चिवट, विनोदी भाग, तोच गळतो.

अमेरिकेत तर हा मामला फारच रंगतदार आहे. तिथल्या कित्येक निवासी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना वसतिगृहातच राहावं लागतं आणि रूममेट कॉलेज ठरवून देतं. अर्थशास्त्रज्ञांना हे घबाडच वाटलं. मित्रांचा माणसावर परिणाम होतो की सारखी माणसंच मित्र होतात, हा जुना पेच. इथं तर कॉलेजनं चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जोड्या लावून ठेवलेल्या. डार्टमथ कॉलेजातल्या अशा जोड्यांचा अभ्यास ब्रूस सॅसरडोट यांनी केला आणि २००१मध्ये तो ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला. रूममेटचा परिणाम गुणांवर दिसला, फ्रॅटर्निटीसारख्या टोळक्यात जायचं की नाही यावरही दिसला. मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर मात्र दिसला नाही. म्हणजे शेजारच्या कॉटवरचं माणूस तुमचा अभ्यास वरखाली करू शकतं, पार्टीला ओढून नेऊ शकतं, पण तुम्हाला इतिहास सोडून रसायनशास्त्र घ्यायला लावू शकत नाही. एवढ्या एका वाक्यात तीन कादंबऱ्यांचा ऐवज आहे.

पुढं समाजमाध्यमं आली. मुलं प्रवेश मिळताच एकमेकांना ऑनलाइन शोधू लागली, आपल्याच शहरातला, आपल्यासारख्याच शाळेतला, आपल्याच ऐपतीचा रूममेट आधीच पक्का करू लागली. ड्यूक विद्यापीठानं २०१८मध्ये जाहीर केलं, की पहिल्या वर्षाला रूममेट निवडण्याची मुभा यापुढं नाही. वेगळ्या माणसांत राहणं हाही शिक्षणाचा भाग आहे, अशी त्यामागची भूमिका. गंमत बघा : विद्यापीठ निवड काढून घेत होतं, त्याच सुमारास बाजारात रूममेट-प्रणयाच्या कादंबऱ्यांचा पूर आला होता आणि त्यांतल्या बहुतेकींत नायकनायिकेची घरं, गाड्या, सुट्ट्या एकमेकांना शोभतील अशाच बेतलेल्या होत्या.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. कोल्हापुरात १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि शाहू महाराजांच्या पाठिंब्यानं पुढं एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. त्या काळात खेड्यातल्या मुलाला शहरात पाठ टेकायला जागा मिळणं हेच मोठं होतं, आणि ती जागा आपल्या लोकांत मिळत होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. एका पंगतीत जेवायचं, पाळीपाळीनं राबायचं, रात्री शेजारी अंथरूण टाकायचं. न निवडलेल्या माणसाशेजारी झोपणं ही तिथं सामाजिक क्रांती होती. त्या खोल्यांत काय काय घडलं असेल याचा विचार केला, तर बॉयलर बिघडवून दोघांना एका पलंगावर आणणारी युक्ती फार किरकोळ वाटू लागते.

मराठी वाचक या इंग्रजी कादंबऱ्यांकडे येतो तो कोऱ्या पाटीनं येत नाही. कॉलेजातली प्रेमकथा मराठीत शंभर वर्षांची होत आली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक असलेल्या ना. सी. फडक्यांनी ती लोकप्रिय केली : टेनिस खेळणारे तरुण, सायकलवरून जाणाऱ्या तरुणी, ऐन वेळी होणाऱ्या भेटी. फडके तंत्राचे पक्के. १९३१च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये त्यांनी कथा-कादंबरी कशी रचावी याचे धडेच दिले. गाठ कुठं मारायची, उत्कंठा कशी वाढवायची, शेवट कधी करायचा. आजच्या न्यू ॲडल्ट लेखिका कार्यशाळांमधून जे शिकतात ते फडक्यांना वाचून दाखवलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती. एखादी दुरुस्तीही सुचवली असती.

फडक्यांच्या नायकाला मात्र नायिकेबरोबर खोलीत राहणं शक्य नव्हतं, आणि सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’तही नाही. १९८२च्या त्या कादंबरीतलं पुण्याचं कॉलेजविश्व कट्ट्यावर जमतं. मुलांची वसतिगृहं वेगळी, मुलींची वेगळी, दारावर वॉचमन. मग प्रेम, मैत्री, मारामारी सगळं उघड्यावर. खोलीची खरी कादंबरी मराठीत आधीच होऊन गेली होती, आणि तिच्यात नाव घेण्यासारखं प्रेमप्रकरण नाही. नेमाड्यांची १९६३ची ‘कोसला’. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, वसतिगृहात राहतो, मेसच्या कारभारात अडकतो, मित्रांवर पैसे उधळतो, परीक्षांची वाट लावतो. त्यांनी त्या खोलीतला वेळ जसाच्या तसा पकडला : दुपारी काही न करता पडून राहणं, कुणीतरी येऊन बसणं, बसूनच राहणं. खोलीतला कंटाळा इतका मन लावून लिहिता येतो, हे मराठी वाचकाला साठ वर्षांपासून माहीत आहे. चेतन भगतचं ‘फाइव्ह पॉइंट समवन’ २००४मध्ये आलं तेव्हाही लोकांना हरी-नेहाच्या प्रेमापेक्षा हरी, रायन आणि आलोक यांचं कुमाऊँ हॉस्टेल जास्त लक्षात राहिलं.

म्हणजे मागणी अवास्तव नाही. मग इतक्या हुशार, वाचकांची नाडी ओळखणाऱ्या लेखिका ती का पुरवत नाहीत?

एक कारण मालिकांच्या रचनेत आहे. एल केनेडीची ‘ऑफ-कॅम्पस’ मालिका बघा. ब्रायर या काल्पनिक विद्यापीठाच्या आइस हॉकी संघातले चौघं, गॅरेट, लोगन, डीन आणि टकर, कॅम्पसबाहेर एक घर भाड्यानं घेऊन राहतात. २०१५च्या ‘द डील’मध्ये गॅरेट आणि हॅना यांची गोष्ट. गॅरेटला नीतिशास्त्राच्या पेपरात पास व्हायचंय, हॅना शिकवणार. चला, निदान इथं कुणीतरी अभ्यास करतं. हॅनाची रूममेट ॲली. ॲली गमतीदार आहे, दोघींचं जमतंही. पण तिचं काही खोलवर उलगडणार असं वाटलं की लेखिका हात आखडता घेते. का, ते २०१६मध्ये कळतं : ‘द स्कोअर’ची नायिका ॲली आणि नायक डीन. लोगनला ‘द मिस्टेक’, टकरला ‘द गोल’. चार भाडेकरू, चार पुस्तकं. पहिल्या पुस्तकात रूममेट म्हणजे पुढच्या पुस्तकाचा राखून ठेवलेला माल. तिचं दुःख आत्ताच खर्च केलं तर नंतर काय विकणार? केनेडीचे संवाद चटपटीत असतात, हॅनाच्या भूतकाळातला अत्याचाराचा धागा ती जबाबदारीनं हाताळते, त्यामुळे तर हा आखडता हात जास्त खुपतो.

दुसरं कारण पैशाचं. या जातीची पुष्कळ पुस्तकं किंडल अनलिमिटेडवर वाचली जातात. २०१४मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वाचक महिन्याची वर्गणी भरतो आणि २०१५च्या मध्यापासून लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबानं पैसे मिळतात. वाचकानं पुस्तक मध्येच सोडलं की पुढच्या पानांचे पैसे गेले. अशा व्यवहारात दर प्रकरणाच्या शेवटी झटका हवा. दोन मुली फ्रिजमधल्या दुधाच्या पिशवीवरून चार दिवस अबोला धरतात आणि मग एकीच्या तापात दुसरी रात्रभर जागते, असं संथ प्रकरण लिहिणं म्हणजे जोखीम. रूममेट्स, एकच पलंग, शत्रूचा झालेला प्रियकर अशी लेबलं लावून पुस्तकं शोधण्याची पद्धत आता रुळली आहे. लेबलाखाली वाचकाला नेमकं तेच हवं असतं, असं गृहीत धरलेलं असतं. कॉट बेसिसवाल्या वाचकाला कुणी विचारलेलं नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं : दिवसभर बाथरूमच्या रांगेत उभी राहिलेली मुलगी रात्री पुन्हा बाथरूमची रांग कशाला वाचेल? तिला सुटका हवी. उत्तर ऐकायला पटतं. पण ते टिकत नाही, कारण प्रणयाच्याच चौकटीत हे काम करून दाखवलेली पुस्तकं आहेत आणि ती भरपूर वाचली गेली.

रेनबो रॉवेलची ‘फॅनगर्ल’ २०१३ची. नेब्रास्का विद्यापीठात, लिंकन शहरी, कॅथ नावाची मुलगी पहिल्या वर्षाला येते. तिची जुळी बहीण रेन साफ सांगते, की मला तुझ्याबरोबर खोली नको. अठरा वर्षं एका खोलीत काढलेल्या बहिणीनं निवड नाकारली, आणि कॉलेजनं न निवडलेली रेगन दिली. रेगन वयानं मोठी, तुटक, फटकळ. कॅथ इतकी बुजलेली, की जेवणघर कुठं आहे हे विचारण्याची तिला लाज वाटते. ती खोलीतच पीनट बटर आणि एनर्जी बार खाऊन दिवस काढते. रेगनच्या हे ध्यानात येतं. ती उपदेश करत नाही, जवळ घेत नाही. वैतागते आणि कॅथला उठवून जेवायला घेऊन जाते. शेजारच्या कॉटवरचं माणूस काय खातं, किती दिवस एकच खातं, हे फक्त रूम पार्टनरलाच दिसतं. घरच्यांना नाही, प्रियकराला तर नाहीच. सबंध न्यू ॲडल्ट वाङ्मयात या प्रसंगाच्या तोडीचे प्रसंग फार नाहीत.

प्रेमकथाही तिथूनच फुटते. लीवाय हा रेगनचा जुना मित्र, सतत खोलीत येऊन बसणारा. त्याला वाचताना फार त्रास होतो, ऐकलेलं मात्र पक्कं राहतं. कॅथ त्याला पुस्तक वाचून दाखवते. वाचता वाचता रात्र सरते. त्या प्रसंगात खोली, तिचा मिणमिणता दिवा, दाराबाहेरचा कॉरिडॉर, रेगन परत येईल ही धास्ती, सगळं कामाला लागलेलं आहे. खोली काढून टाकली तर प्रसंग उभाच राहणार नाही. ‘ब्यूटिफुल डिझास्टर’मधला पलंग कुठल्याही हॉटेलात हलवला तरी चालेल.

कॉलेजबाहेरचं एक उदाहरण तर आपल्या जास्तच ओळखीचं वाटेल. बेथ ओलिअरीच्या २०१९च्या ‘द फ्लॅटशेअर’मध्ये लंडनमधला लिऑन रात्रपाळीचा नर्स आहे. तुरुंगात पडलेल्या भावाच्या खटल्याला पैसे लागतात म्हणून तो आपला फ्लॅट रात्रीपुरता टिफीला देतो. पलंग इथंही एकच. तो दिवसा झोपतो, ती रात्री, आणि दोघं बराच काळ भेटतच नाहीत. चिठ्ठ्या चिकटवून बोलतात : उरलेलं जेवण, कचरा, टॉयलेटचं झाकण. गिरणगावात पाळ्यांप्रमाणे एकाच खोलीत आळीपाळीनं पाठ टेकणाऱ्या कामगारांना यात नवल वाटलं नसतं. ओलिअरीनं या टंचाईतूनच प्रेम काढलं. चिठ्ठीतल्या अक्षरावरून, खाऊन ठेवलेल्या भांड्यावरून माणूस कळत जातो. वाचकांनी ते डोक्यावर घेतलं. भाड्याचा हिशेब वाचायला कुणी कंटाळलं नाही.

केनेडीच्या ब्रायर विद्यापीठात दरम्यान पुढची पिढी दाखल झाली आहे. २०२३मध्ये ‘द ग्रॅहम इफेक्ट’ आलं. नायिका गिगी, म्हणजे गॅरेट आणि हॅनाची मुलगी. तीही ब्रायरमध्येच शिकते, हॉकीच खेळते. तिचा नायकही हॉकीपटूच आहे.